वाद घाला, पण इंग्रजीत: नव्या शिक्षकांसाठी वर्गातल्या चर्चेची तयारी

स्पोकन इंग्लिशचा क्लास नव्याने घ्यायला लागलेले शिक्षक दोन-तीन महिन्यांत एका ठरावीक जागी येऊन अडकतात. ओळख करून देणं झालं, दुकानातला संवाद झाला, फोनवरचं बोलणं झालं, 'माय फेवरिट फेस्टिव्हल'वर सगळ्यांचं बोलून झालं. आता पुढे काय? मग एक दिवस उत्साहाने फळ्यावर 'क्लायमेट चेंज' लिहिलं जातं आणि पाठोपाठ येतं, "लेट्स डिस्कस!" वर्ग गप्प. कुणीतरी वहीत मान घालतं, कुणीतरी बाटली उघडून पाणी पितं. नाहीतर उलटं होतं. विषय असा निघतो की पहिली दोन वाक्यं इंग्रजीत होतात आणि "अरे तुला काय माहितीये!"पासून पुढचा सगळा तास मराठीत, तावातावाने.

दोन्ही टाळता येतं. पुण्यातला वर्ग कसा असतो ते तुम्ही बघितलंच असेल. लातूर-बीडकडून स्पर्धा परीक्षेसाठी येऊन नवी पेठेत राहिलेला मुलगा, इंग्लंडला जायची तयारी करणारी नर्स, मुलं मोठी झाल्यावर "आता जरा माझ्यासाठी" म्हणून आलेल्या काकू, क्लायंटच्या कॉलवर म्यूट होऊन बसणारा हिंजवडीचा इंजिनिअर. कधी येमेन, सुदान किंवा अफगाणिस्तानातून पुण्यात शिकायला आलेला एखादा विद्यार्थी. या सगळ्यांना एका खोलीत जगातल्या वादांवर बोलतं करायचं, तर तयारी लागते. ती कशी करायची, ते इथे क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी: हा तास कशासाठी आहे?

मतं बदलण्यासाठी नाही. तास संपल्यावर कोणाचं मत कुठे गेलं हे बघायचं नाही, कोण किती वेळ आणि कसल्या वाक्यांत बोललं ते बघायचं. वर्णन करताना सोप्या वाक्यांवर भागतं. 'माय व्हिलेज इज ब्यूटिफुल, देअर इज अ रिव्हर' म्हटलं की झालं. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर मात्र 'जर असं झालं तर', 'असं असलं तरी', 'तेव्हा केलं असतं तर आज' अशी वाक्यं लागतातच. ती व्याकरणाच्या पुस्तकातून पाठ होतात, पण तोंडात बसतात ती कुणीतरी आडवं गेल्यावरच.

शिवाय गरजही आहे. परदेशी जायला लागणाऱ्या आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतला तोंडी भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात चार-पाच मिनिटं परीक्षक अशाच सामाजिक प्रश्नांवर बोलतं करतो. गुण मिळतात ते ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार यांना. मत कुठलं आहे याला नाही. हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगा. "माझं मत चुकलं तर मार्क जातील का?" ही भीती आपल्या शाळांनी फार खोलवर रुजवलेली आहे. आणि इंजिनिअरला सांगा की ज्याला वर्गात 'आय डोन्ट थिंक दॅट विल वर्क' म्हणता येतं, त्याला क्लायंटलाही शुक्रवारपर्यंत होणार नाही हे सांगता येतं.

गप्प वर्गाला लाजाळू समजू नका

थोडी लाज असते, मान्य. पण मोठं कारण वेगळंच असतं: त्या विषयावर त्यांच्याकडे मराठीतही बोलण्यासारखं काही नसतं. खात्री करून घ्यायची असेल तर तोच प्रश्न दोन मिनिटं मराठीत टाकून बघा. "हवामानबदलाबद्दल काय वाटतं?" "हो, म्हणजे… प्रदूषण खूप वाढलंय. झाडं लावली पाहिजेत." संपलं. जे मराठीत एका ओळीत संपतं, ते इंग्रजीत दहा मिनिटं कसं चालेल?

म्हणून आधी माहिती द्या. पद्धत सोपी आहे. चर्चेच्या आदल्या तासाला विषय सांगायचा आणि घरी त्यावर मराठीत वाचून यायला सांगायचं, वर्तमानपत्रात, मोबाइलवर, कुठेही. येताना प्रत्येकाने एकच गोष्ट आणायची: नाव, साल किंवा आकडा असलेलं एक वाक्य. मत आणायचं नाही. मग वर्गात त्याच विषयावरचा छोटा इंग्रजी मजकूर, दीडशे-दोनशे शब्दांचा. बातमी मूळची लांब असेल तर तुम्हीच कापा. मराठीत आधी वाचलेलं असल्यामुळे इंग्रजी मजकूर अर्धा कळलेलाच असतो आणि नवे शब्द चटकन चिकटतात.

काही क्लासमध्ये 'ओन्ली इंग्लिश' अशी पाटी भिंतीवर असते. मला ती पटत नाही. बोलायची वेळ येईल तेव्हा इंग्रजीच, पण विचार जुळवायला दोन मिनिटं शेजाऱ्याशी मराठीत कुजबुजू द्या. इंग्रजीत विचार करा असं सांगून कोणी इंग्रजीत विचार करायला लागत नाही.

विषय निवडणं: इथेच निम्मा तास जिंकला किंवा हरला जातो

जगभर विकली जाणारी इंग्रजीची पाठ्यपुस्तकं तुम्ही चाळली असतील तर जाणवलं असेल की ती फार गुळगुळीत असतात. सगळे प्रवास करतात, पिझ्झा खातात, पर्यावरण वाचवतात. प्रकाशकांच्या जगात टाळायच्या विषयांची एक यादीच प्रचलित आहे, 'पार्सनिप' नावाने: पॉलिटिक्स, अल्कोहोल, रिलिजन, सेक्स, नार्कोटिक्स, इझम्स आणि पोर्क. पुस्तक सौदीतही विकायचं आणि ब्राझीलमध्येही, म्हणून ही कसरत.

ती यादी आपल्या वर्गाला जशीच्या तशी लावण्यात अर्थ नाही. दारूबंदीवर पुण्यातला वर्ग मजेत बोलतो. गुजरातमध्ये बंदी, वर्ध्यात बंदी, तरी मिळते का, वगैरे. आपली निखाऱ्यांची यादी वेगळी आहे: आरक्षण, जात, मंदिर-मशीद, गोमांस, आंतरधर्मीय लग्न, आणि अलीकडे भाषा. पहिलीपासून हिंदीचा वाद २०२५ मध्ये पेटला आणि सरकारला जूनअखेर आदेश मागे घ्यावे लागले, तेव्हा एकाच बेंचवर मराठी मुलगा आणि बिहारहून आलेला मुलगा बसलेला असेल तर तो विषय 'टॉपिक' राहत नाही.

मी वापरते ती कसोटी एवढीच: या विषयात वर्गातल्या कुणाचं स्वतःचं काही पणाला लागलंय का? लागलं असेल तर तो विषय वादाला घेऊ नका. विषय जगात किती वादग्रस्त आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. जनुकीय बदल केलेलं बियाणं हा पुस्तकात अगदी सभ्य, शास्त्रीय विषय दिसतो. पण बीटी कापूस भारतात २००२ पासून आहे आणि वर्गात यवतमाळचा मुलगा असेल तर त्याच्या घरी त्या कापसाचा हिशेब मांडलेला असतो. २०१७ साली त्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, हे त्याने वाचलेलं नसतं, पाहिलेलं असू शकतं. अशा मुलाला 'अगेन्स्ट'च्या गटात घालून टाळ्या मिळवायला लावणं बरं नाही. त्याला आधी बाजूला विचारा, "यावर बोलायला आवडेल का?" आवडेल म्हणाला तर तो त्या दिवशीचा जाणकार. वर्ग त्याला प्रश्न विचारेल, तो उत्तरं देईल, वाद नाही. प्रश्न विचारण्याचा सराव आपल्याकडे कमीच होतो, तोही होऊन जातो.

परदेशी विद्यार्थ्यांबाबत हे आणखी जपा. 'शुड गर्ल्स बी एज्युकेटेड?' हा आपल्याला निरुपद्रवी, काहीसा बाळबोध प्रश्न वाटतो. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळा बंद आहेत आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही. काबूलहून आलेल्या विद्यार्थ्याची बहीण त्या घरात बसलेली असेल. तसंच, सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे म्हणून सुदानी मुलाकडे वळून "टेल अस अबाउट युवर कंट्री" म्हणू नका. तो त्या देशाचा राजदूत नाही, वर्तमानकाळ आणि भूतकाळ शिकायला फी भरून आलाय. त्याला हवं तेव्हा तो सांगेल.

मग उरतं काय? भरपूर. दूर देशात घडलेली, पण आपल्या घरातल्या प्रश्नाला हात घालणारी गोष्ट शोधायची. घटना लांबची असली की कुणाचं नाक कापलं जात नाही. प्रश्न जवळचा असला की बोलायला काहीतरी असतं.

उदाहरण घ्या. "माझ्या भल्यासाठी सरकारने माझ्यावर सक्ती करावी का?" पुणेकराला यात शिकवण्यासारखं काही नाही. हेल्मेटसक्तीचा आदेश निघायचा अवकाश, विरोधात मोर्चा तयार. हाच प्रश्न जगात ठिकठिकाणी सापडतो. न्यूझीलंडने २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायदा केला की १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कधीच सिगारेट विकायची नाही. सरकार बदललं आणि २०२४ मध्ये तो कायदा लागू होण्याआधीच रद्द झाला. ब्रिटनने २०१८ पासून साखरेच्या शीतपेयांवर जादा कर लावला. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची दारं बंद केली. आणि फार लांब जायचं नसेल तर १८९१ चं संमतिवयाचं बिल आहेच. मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ करणारा कायदा परक्या सरकारने करावा की समाजाने स्वतःहून सुधारावं, यावर टिळक आणि आगरकर याच शहरात एकमेकांविरुद्ध उभे होते. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारं हे गाव. वाद कसा घालू नये याचाही धडा इथेच मिळतो. (आगरकरांचा 'सुधारक' मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघायचा, इंग्रजी बाजू गोखले सांभाळायचे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हे सांगितलं की ते लगेच टिपून घेतात.)

एक तास, पहिल्या मिनिटापासून

ऑस्ट्रेलियाचाच विषय घेऊ, कारण गावाबाहेरच्या विषयावरच्या पहिल्या चर्चेसाठी मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो. काकूंच्या घरी दहावीतला नातू किंवा भाचा असतो, कॉलेजच्या मुलांच्या हातात फोन असतो, आणि ऑस्ट्रेलियाशी कुणाचं भांडण नसतं. क्रिकेट सोडून.

नव्वद मिनिटांचा तास धरते.

पहिली दहा मिनिटं शब्दांची. आठच शब्द, जास्त नाहीत: बॅन, अलाऊ, फाइन, हार्मफुल, एज लिमिट, प्रायव्हसी, रिस्पॉन्सिबल, अकाउंट. 'फाइन' म्हणजे 'छान' एवढंच माहीत असलेले निम्मे निघतात, तिथे दंडाचा अर्थ स्पष्ट करून टाका.

पुढची पंधरा मिनिटं माहितीची. मजकुरात एवढं यायला हवं: कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब यांवर सोळाखालच्यांना स्वतःचं अकाउंट ठेवता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅप त्यात नाही, न पाळल्यास दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, मुलांना किंवा आईबापांना शिक्षा नाही. हा शेवटचा मुद्दा मजकुरात असूनही हमखास निसटतो आणि पुढे वादात कुणीतरी म्हणतंच, "लहान मुलांना कशाला शिक्षा?" तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. "प्लीज चेक द टेक्स्ट" म्हणा आणि मजकुरात बोट ठेवून वाचायला लावा. मजकुराकडे परत जायची सवय लागली की नुसत्या आवाजावर वाद जिंकता येत नाही.

मग वाक्यांचे सांगाडे. सुरुवातीच्या पातळीच्या मुलांना 'आय थिंक… बिकॉज…' आणि 'देअर शुड बी…' इतकं पुरे. जरा पुढच्यांना 'इट डिपेन्ड्स ऑन…' आणि 'इफ वी बॅन इट, चिल्ड्रन विल…'. चांगलं बोलणाऱ्यांना 'इव्हन इफ…' आणि 'द प्रॉब्लेम विथ दॅट इज…'. एकाच वर्गात तीनही पातळ्या असतात. तेव्हा तिन्ही फळ्यावर लिहा आणि ज्याला जे झेपेल ते वापरू द्या.

मतभेद दाखवायची वाक्यं वेगळी शिकवा, आणि इथे घाई करू नका. आपला विद्यार्थी मराठीत फार सफाईने आडवं जातो: "नाही, म्हणजे तुमचं बरोबर आहे, पण काय होतं ना…" हीच माणसं इंग्रजीत आली की "नो नो, यू आर राँग!" नाहीतर "आय अ‍ॅम नॉट अ‍ॅग्री!" समोरचा दुखावतो आणि वाक्यही चुकतं. त्यांच्या मराठीतल्याच तीन पायऱ्या इंग्रजीत द्या. मऊ: 'आय सी व्हॉट यू मीन, बट…'. मधली: 'आय अ‍ॅम नॉट सो शुअर अबाउट दॅट.' ठाम: 'आय डोन्ट अ‍ॅग्री, अ‍ॅण्ड आय विल टेल यू व्हाय.' मध्ये बोलायचं असेल तर 'सॉरी, कॅन आय से समथिंग हिअर?' ही वाक्यं जोड्यांमध्ये, आवाजात चढउतार करून, नाटकासारखी म्हणून घ्या. इथे हसू येतं, वर्ग सैल होतो.

आता हात वर करून मत विचारू नका. पहिला हात नेहमी त्याच मुलाचा असतो. प्रत्येकाने एक ते पाच बोटं छातीशी धरायची: पाच म्हणजे बंदी हवीच, एक म्हणजे मुळीच नको. इंग्रजी शिकवण्याच्या पुस्तकांत खोलीच्या चार कोपऱ्यांत जाऊन उभं राहायला सांगतात. पेठेतल्या खोलीत बेंच सरकत नाहीत आणि कोपऱ्यात कूलर असतो. बोटं पुरतात. मग एक-दोनवाल्याची जोडी चार-पाचवाल्याशी लावा आणि पाच मिनिटं त्या दोघांनाच बोलू द्या. दोघांत बोलताना चुकलं तर अख्खा वर्ग ऐकत नसतो, ही मोठी सोय आहे.

त्यानंतर खरी गंमत. चार-चारचे गट. नियम एकच: समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगून, त्याच्याकडून "येस, दॅट्स व्हॉट आय सेड" घेतल्याशिवाय आपला मुद्दा मांडायचा नाही. आपल्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, तीच. 'सो यू आर सेइंग दॅट पेरेंट्स शुड डिसाइड, नॉट द गव्हर्नमेंट. राइट?' यात दुसऱ्याचं बोलणं सांगायचं व्याकरण आपोआप घोटलं जातं, गती कमी होते आणि राग यायला वेळ मिळत नाही. एका बॅचमध्ये एका काकूंचा मुद्दा एका मुलाने तीनदा चुकीचा सांगितला. त्या दर वेळी शांतपणे "नो, नॉट दॅट" म्हणत राहिल्या आणि चौथ्यांदा स्वतःच नवीन वाक्य करून दिलं: 'आय अ‍ॅम नॉट अगेन्स्ट फोन्स, आय अ‍ॅम अगेन्स्ट फोन्स अ‍ॅट नाइट.' तोवर त्या तासाला त्या एवढं लांब बोलल्या नव्हत्या.

कुणीतरी भारताची गोष्ट काढेलच: आपल्याकडे जून २०२० पासून टिकटॉक बंदच आहे, मग काय बिघडलं? काढू द्या. शेवटची वीस मिनिटं चुकांसाठी राखून ठेवा म्हणजे झालं.

सगळा वर्ग एकाच बाजूला गेला तर

फाशीची शिक्षा घ्या. पुण्यातल्या बहुतेक बॅचमध्ये पाचही बोटं वर येतात. 'रेपिस्ट्स शुड बी हँग्ड' याच्या पलीकडे चर्चा जात नाही, आणि त्यामागचा संताप खराही असतो. नवा शिक्षक अशा वेळी स्वतः विरुद्ध बाजू घेतो. घेऊ नका. वर्गाला वाटतं तुमचं तेच मत आहे. मग निम्मे "मॅडम म्हणतात म्हणजे बरोबर" म्हणून गप्प होतात आणि उरलेले घरी जाऊन सांगतात की मॅडम गुन्हेगारांच्या बाजूच्या आहेत.

त्याऐवजी चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर एक माणूस: ज्याची शिक्षा नंतर चुकीची ठरली अशा कैद्याचा भाऊ, खून झालेल्या मुलीचे वडील, निवृत्त न्यायाधीश, तुरुंगाचा अधिकारी. खाली दोन ओळींची माहिती. न्यायाधीशाच्या चिठ्ठीवर लिहा की बचनसिंग खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणीच द्यावी असं ठरवलं. भावाच्या चिठ्ठीवर लिहा की जगातल्या दोनतृतीयांशाहून जास्त देशांनी ही शिक्षा कायद्याने किंवा व्यवहारात थांबवली आहे. विद्यार्थी चिठ्ठीतल्या माणसाच्या तोंडून बोलतो, त्यामुळे काकूंच्या विरोधात जायला कचरणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही बोलतो. विरोध तो करत नसतो, 'जेलर' करत असतो. संपल्यावर चिठ्ठ्या परत घ्या आणि मोठ्याने सांगा, "नाऊ यू आर यू अगेन." हे सांगावं लागतं.

एक जपून करायची गोष्ट: या विषयात बलात्काराचं प्रकरण उदाहरण म्हणून तुम्ही वर्गात आणू नका. कुणाच्या मनात काय आहे आपल्याला दिसत नाही. खुनाचा खटला घ्या.

दयामरणालाही चिठ्ठ्या चांगल्या चालतात. अरुणा शानबागचं नाव मराठी माणसाला सांगावं लागत नाही. २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१८ चा 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे उपचार थांबवण्याबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता देणारा निकाल, नेदरलँड्सचा २००२ चा कायदा, एवढी सामग्री पुरते. नर्स असलेल्या विद्यार्थिनी यात इतरांपेक्षा खूप पुढे असतात. फक्त त्या आठवड्यात कुणाच्या घरी आजारपण नाही ना, हे बघून घ्या.

आणि तरीही निखारा वर आलाच तर

येतो. अणुऊर्जेवर बोलता बोलता (जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, शेजारचा फ्रान्स मात्र निम्म्याहून जास्त वीज अणूपासूनच घेतो, चांगला विषय आहे) जैतापूर निघतं, जैतापूरवरून पक्ष निघतात, पक्षावरून आरक्षण. कुणीतरी मराठीत सुरू होतं.

"नो पॉलिटिक्स प्लीज" म्हणून झाकण लावू नका. वाद मग जिन्यात होतो. दिशा बदला. वाद घालायला नको, समजावून सांगायला सांगा: "तुमच्या ऑफिसात आयर्लंडहून आलेली एक बाई आहे. तिला भारतातलं आरक्षण म्हणजे काय ते माहीत नाही. पाच वाक्यांत सांगा. ऐकल्यावर तुमचं स्वतःचं मत काय ते तिला कळता कामा नये." वर्ग एकदम कामाला लागतो, कारण हे वाद घालण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. 'रिझर्व्हेशन' म्हटलं तर तिला रेल्वेचं वाटेल, इथून सुरुवात होते. 'सम पीपल से… अदर्स फील दॅट…' ही वाक्यं लागतात. दोन टोकांची मतं असलेले दोघे मिळून एक उत्तर तयार करतात आणि तिसरा ती आयरिश बाई होऊन भोळे प्रश्न विचारतो. परदेशी सहकाऱ्याला आपला देश समजावून सांगणं हे त्यांना पुढे खरोखरच करावं लागणार असतं.

त्यातही कुणी धर्मावरून किंवा जातीवरून दुसऱ्याला थेट बोललं, तर मात्र इंग्रजीचा तास तिथेच थांबवा. मराठीत, स्पष्ट, एका वाक्यात सांगा की हे इथे चालणार नाही. तेव्हा भाषा शिकवत बसू नका.

फोनचा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका: चर्चेच्या वेळी फोन बॅगेत, रेकॉर्डिंग नाही, आणि वर्गातला वाद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालू ठेवायचा नाही. ही नुसती शिस्त नाही. दोन गटांत तेढ वाढवणारं बोलणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि 'अपोझ करायला सांगितलं म्हणून बोललो' हा संदर्भ वीस सेकंदांच्या क्लिपमध्ये येत नाही. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्याच्या तोंडून म्हणायचं एक आणि येतं भलतंच. त्याला हे संरक्षण द्यायची जबाबदारी तुमची.

"मॅडम, तुमचं मत काय?"

विचारतातच. तुमच्यापेक्षा वयाने लहान विद्यार्थी असतील आणि बॅच नवी असेल तर सांगू नका. सरळ म्हणा, "आस्क मी आफ्टर द कोर्स." काही शिक्षक याला पळवाट म्हणतात. असेल. पण फी भरून आलेला विद्यार्थी शिक्षकाला खूश करायला बघतो, आणि तुमचं मत कळलं की वर्गातली निम्मी मतं त्या रंगाची होतात. हिंजवडीच्या बॅचमध्ये, जिथे सगळे तुमच्या बरोबरीचे असतात, तिथे मी सांगते. तेही सगळ्यांचं बोलून झाल्यावर.

चुकांबद्दल थोडक्यात. बोलणं चालू असताना दुरुस्त करू नका, कागदावर टिपत राहा. शेवटी फळ्यावर सहा-सात वाक्यं लिहा, त्यात दोन बरोबर असलेलीही मिसळा, आणि कोणती चुकली ते वर्गालाच शोधू द्या. नावं लिहू नका. वाक्य ओळखू येण्याइतकं वैयक्तिक असेल तर ते फळ्यावर आणूच नका. कुणी स्वतःच्या घरातलं दुखणं सांगितलं असेल तर त्यातली 'हॅज-हॅव'ची चूक त्या दिवशी चूक नसते.

पहिल्या चार महिन्यांचा क्रम

पहिल्या महिन्यात फक्त हेल्मेट, वाहतूक, पीएमपीएमएलची शहर बस मोफत करावी का, असे गावातले विषय. त्यात वाक्यांचे सांगाडे बसू द्या. दुसऱ्या महिन्यात ऑस्ट्रेलिया, मग न्यूझीलंडची सिगारेट. तिसऱ्यात अणुऊर्जा, आणि श्रीमंत देशांनी हवामानाची किंमत जास्त मोजावी का हा विषय. या शेवटच्या विषयावर भारतीय वर्ग एकजुटीने बोलतो, म्हणून चिठ्ठ्यांची सुरुवात तिथून करा. एक चिठ्ठी पॅसिफिक बेटावरच्या कोळ्याची, एक जर्मन कामगाराची, एक झारखंडच्या कोळसा खाणीतल्या मजुराची. फाशी आणि दयामरण त्यानंतर, वर्गातल्या लोकांनी एकमेकांचे डबे खायला सुरुवात केल्यावर. प्रत्येक चर्चेनंतर घरचा अभ्यास एकच ठेवा: ज्या बाजूला आपण नव्हतो त्या बाजूने शंभर-सव्वाशे शब्द लिहून आणायचे. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायचा, ग्रुपवर नाही, फक्त तुम्हाला.